डोंगरावरचा मुक्काम आणि त्याचे ओझे

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सह्याद्रीच्या माथ्यालगत आजरा हे तालुक्याचे गाव वसलेले आहे. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी या गावाजवळून पूर्वेकडे वाहत जाते. घनसाळ तांदळाच्या सुवासामुळे आजऱ्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. पूर्वी हा महाल इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीत मोडत असे, आणि १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाल्यावर तो मुंबई राज्यात आला. गावाच्या पश्चिमेस आणि नैर्ऋत्येस रान दाट होत जाते, चढण वाढते, आणि सुमारे वीस मैलांवर आंबोली लागते. तेथे वर्षाकाठी अडीचशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो.

अलीकडे थंडीच्या दिवसांत शहरांतील तरुण मंडळी पाठीवर लहानसा तंबू बांधून या डोंगरांकडे वळतात, एखाद्या सड्यावर रात्र काढतात आणि सकाळी धुके पाहून परततात. त्यांना हा छंद नवा वाटतो. परंतु या डोंगराने गेल्या तीन-साडेतीनशे वर्षांत नाना तऱ्हेचे तंबू पाहिले आहेत. ते तंबू कोणत्या ऋतूत आले, आणि ते कोणाच्या पाठीवरून आले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत डोंगरावरील मुक्कामाचा बहुतेक सारा इतिहास सामावलेला आहे.

मराठी भाषेनेच या इतिहासाची साक्ष जपून ठेवली आहे. डेरा, राहुटी, पाल, तंबू, शामियाना, कनात असे किती तरी शब्द आपल्या बोलण्यात रुळले आहेत, आणि त्यांतील प्रत्येकास आपापली पायरी आहे. शामियाना दरबाराचा, डेरा सरदाराचा, राहुटी शिलेदाराची आणि पाल फिरस्त्याचे. कोणी मुक्कामास आला की तो ‘डेरेदाखल’ झाला असे आपण आजही म्हणतो. मेखा ठोकणे आणि तणावे ताणणे ही एके काळी हजारो लोकांची रोजची कामे होती.

पण या सर्वांहून जुना निवारा डोंगरातील माणसाचा स्वतःचा. भाताची लावणी करणारी बाई पाठीवर पानांचे इरले घेऊन भर पावसात दिवसभर वाकून काम करते. ते इरले म्हणजे एका माणसापुरते चालते घरच होय. पिकाची राखण करणारा शेतकरी रानात माळा उभारतो आणि त्यावर गवताची खोप घालतो. धनगराच्या खांद्यावरील घोंगडे दिवसा छत्री असते आणि रात्री अंथरूण. या निवाऱ्यांचे साहित्य जागच्या जागी मिळते, आणि ज्याला निवारा हवा तोच ते वाहून नेतो. पुढे जे मोठे तंबू आले त्यांची पारख याच मापाने करावयाची आहे.

शिवछत्रपतींच्या सैन्याची व्यवस्था सह्याद्रीच्या ऋतुमानावर बांधलेली होती. सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत तिचे वर्णन आहे. पावसाळ्याचे चार महिने लष्कराने आपल्या मुलखात छावणी करावी, तेथे दाणा, वैरण, औषधे आणि शाकारलेली घरे आधीच तयार असावीत, आणि दसऱ्यास कूच करून आठ महिने मुलूखगिरी करावी, असा तो क्रम होता. लष्कराबरोबर बायका, कुळंबिणी व कलावंतिणी नेण्यास सक्त मनाई होती. याचा अर्थ असा की सैन्याबरोबरचा पसारा मुळातच छाटून टाकलेला होता. हलके लष्कर घाट चढू शकते आणि रात्रीतून जागा बदलू शकते. जड लष्करास हे साधत नाही.

चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्र इतिहासप्रेमी मंडळींच्या परिचयाचे आहे. दाणावैरण आताच उधळलीत तर भर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कोणाचा दाणा तर कोणाचे सरपण आणाल, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्यातील इशारा आहे. गवताच्या गंजीजवळ कोणी चूल पेटवू नये, तंबाखू ओढू नये, रात्री दिवा जळत ठेवू नये. उंदीर पेटती वात पळवील आणि सारी छावणी भस्म होईल, इतक्या बारकाव्यापर्यंत महाराज उतरतात. एवढ्या मोठ्या राजाने उंदराने नेलेल्या वातीचा विचार करावा, यातच त्यांच्या राज्यकारभाराचे मर्म आहे. मुक्काम कितीही तात्पुरता असला तरी त्याचा भार सभोवतालच्या माणसांवर पडता कामा नये, हे तत्त्व त्या पत्रात स्पष्ट दिसते.

आता याच्या उलट टोकाचे चित्र पाहू. अबुल फजलाने ‘ऐने अकबरी’त बादशाही तळाचा हिशेब दिला आहे. एका तळाचे सामान वाहण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. तंबू उभारण्यास १,००० फरास, वाट साफ करण्यास ५०० बेलदार, शिवाय १०० भिस्ती, ५० सुतार, तंबू शिवणारे व मशालजी, ३० चर्मकार आणि १५० झाडूवाले असत. असे दोन संच ठेवलेले असून बादशहा एका मुक्कामी असतानाच दुसरा पुढे रवाना होई. उत्तर हिंदुस्थानच्या सपाट मैदानात हे फिरते शहर डौलाने चाले. सह्याद्रीत त्याची गाठ चढणीशी आणि चिखलाशी पडली.

ती गाठ कोल्हापूरच्या मुलखातच पडली. आजऱ्याच्या उत्तरेस याच डोंगररांगेवर विशाळगड उभा आहे. त्याचेच दुसरे नाव खेळणा. १७०१ सालच्या डिसेंबरात मोगली फौजेने त्यास वेढा घातला, आणि नव्या वर्षाच्या आरंभी खुद्द औरंगजेब तेथे येऊन दाखल झाला. तेव्हा त्याचे वय ८३ वर्षांचे होते. वाट इतकी बिकट की फतेउल्लाखानाने बेलदार लावून खडक फोडविले आणि झाडी तोडविली, तेव्हा कुठे आंबा घाटाकडील रस्ता तळाच्या उपयोगी झाला. गडावर परशुराम त्रिंबक प्रतिनिधी निकराने लढत होते. वेढा उन्हाळाभर चालला आणि मृग नक्षत्र येऊन ठेपले. अखेर जूनच्या आरंभी, पैसा घेऊन व वाट मोकळी करवून घेऊन, मराठ्यांनी गड खाली केला. बादशहाने त्याचे नाव ‘सखरलना’ ठेवले.

गड हाती आला, परंतु ऋतू हातचा गेला होता. १० जून १७०२ रोजी तळ हलला तो मुसळधार पावसात. पन्हाळ्यापर्यंतचे अंतर अवघे तीस मैलांच्या आसपास, पण ते कापण्यास ३८ दिवस लागले. ओढ्यांना पूर आले, ओझ्याची जनावरे चिखलात रुतून मेली, हत्ती पाण्यात पाऊल टाकीनात, धान्य मिळेनासे झाले, आणि ज्यांचे तंबू मागे राहिले ते उघड्यावर भिजत बसले. ज्या बादशहाने काबूलपासून कर्नाटकापर्यंत सत्ता चालविली त्याच्या फौजेस दिवसाकाठी एक मैलसुद्धा पुढे सरकता येऊ नये, यात मराठ्यांच्या तलवारीइतकाच सह्याद्रीच्या पावसाचा हात होता. तळात हत्ती-उंटांची संपत्ती होती, पण इरल्याचे शहाणपण तेथे कोणापाशीच नव्हते.

पुढे सुमारे दीडशे वर्षांनी तंबूंचे धनी बदलले. १८४३ साली कोल्हापूरच्या कारभारावर इंग्रज सरकारने दाजी कृष्ण पंडित यांना नेमले. त्यांनी केलेल्या फेरफारांत गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली गेल्या. आजऱ्याच्या पूर्वेस गडहिंग्लजजवळ सामानगड आहे आणि उत्तरेस गारगोटीजवळ भुदरगड. या दोन्ही गडांवरील गडकऱ्यांनी १८४४ च्या जुलैत दरवाजे लावून घेतले. वेळ त्यांनी अचूक साधली होती. आषाढ-श्रावणात या मुलखात जड तोफा आणणे आणि पलटणीची राहुटी कोरडी ठेवणे ही दोन्ही कामे दुर्घट असतात. बेळगावहून फौज निघाली, तरी सामानगड पडला तो पाऊस ओसरल्यावर, १३ ऑक्टोबर १८४४ रोजी. पन्हाळा १ डिसेंबरास गेला. उरलेले बंडवाले सह्याद्री उतरून सावंतवाडीच्या रानात, मनोहर व मनसंतोष या जोडगडांवर गेले. १८४५ च्या आरंभी ते गडही पडले आणि बंडवाल्यांपैकी अनेक जण पोर्तुगिजांच्या हद्दीत गोव्यात निघून गेले. पावसाने गडकऱ्यांना तीन महिने सांभाळले, परंतु कोरडा ऋतू सुरू होताच तोफा आणि तंबू दोन्ही गडाच्या पायथ्याशी आले.

यानंतर जे तंबू डोंगरात आले ते लढाईचे नव्हते. कलेक्टर, प्रांत, जंगल खात्याचे व मोजणीचे अंमलदार दिवाळीनंतर दौऱ्यावर निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मुख्य ठाण्यास परत येत. आंब्याच्या राईत पांढरे तंबू उभे राहत, तेथेच कचेरी भरे आणि सायंकाळी शिकारीचे बेत होत. मुंबई इलाख्यातील थंड हवेची ठिकाणेही अशा दौऱ्यांतूनच उदयास आली. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली पायथ्याच्या चौक गावाहून माथेरानचा डोंगर चढले, आणि त्यानंतर तेथे वस्ती झाली. या अंमलदारांनी लिहिलेल्या आठवणी आणि अहवाल वाचताना रानाची शोभा डोळ्यांसमोर उभी राहते. एक गोष्ट मात्र त्यांत क्वचितच आढळते. ते तंबू डोंगरावर चढविले कोणी?

त्याचे उत्तर ‘वेठ’ या दोन अक्षरांत आहे. साहेबाचा किंवा सरदाराचा मुक्काम आला की गावच्या महाराने आणि इतर गरीब रयतेने हातातील काम टाकून ओझी उचलावी, लाकूड फोडावे, गवत कापावे, पाणी भरावे, पुढच्या गावापर्यंत सामान पोहोचवावे. मजुरी मिळाली तर नशीब, नाही तर वतनी चाकरीत जमा. सुगीच्या दिवसांतच दौरे असल्यामुळे स्वतःचे पीक शेतात टाकून परक्याचा तंबू वाहण्याची पाळी या लोकांवर येई. ही गोष्ट केवळ महाराष्ट्राची नव्हती. हिमालयाच्या कुमाऊं प्रांतात हीच चाल ‘कुली-बेगार’ नावाने रूढ होती. १९२१ सालच्या मकरसंक्रांतीस बागेश्वरच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या पुढारीपणाखाली हजारो डोंगरी शेतकऱ्यांनी बेगारीच्या नोंदवह्या सरयू नदीत बुडविल्या, आणि ती चाल तेथून उठली.

कोल्हापुरात हे काम राजानेच हाती घेतले. शाहू छत्रपती स्वतः मोठे शिकारी. दाजीपूर-राधानगरीचे रान त्यांच्या पायाखालचे. तंबूतील मुक्काम त्यांना राजवाड्याइतकाच प्रिय होता, आणि म्हणूनच त्या मुक्कामाचे ओझे कोण वाहतो हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. १९१८ साली त्यांनी महार वतन रद्द करून जमिनी त्या लोकांच्या नावे रयतावा करून दिल्या, आणि १९२० साली वेठीची पद्धत बंद केली. मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने तेथे कायद्याने संपली ती १९५८ साली. तंबूच्या इतिहासात विशाळगडच्या वेढ्याला जे महत्त्व आहे त्याहून अधिक महत्त्व या सालांना दिले पाहिजे.

याच सुमारास तंबूचा आणखी एक उपयोग जगात रूढ होत होता. इंग्लंडात बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राऊनसी बेटावर वीस मुलांची छावणी भरविली आणि तीतून बालवीर चळवळ जन्मास आली. सैनिकाचा तळ तेथे मुलांची शाळा झाला. आपली राहुटी आपण उभारावी, आपली चूल आपण पेटवावी, आणि निघताना जागा आली तशी स्वच्छ सोडावी, हे त्या शाळेचे पहिले धडे. धनगर आणि माळ्यावरचा राखणदार ज्या रीतीने पिढ्यान्‌पिढ्या राहत आले, तीच रीत फिरून शिक्षणाच्या वेषात परत आली असे म्हणावयास हरकत नाही.

आज या रानाची स्थिती पालटली आहे. दाजीपूरचे शिकारी रान १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. आजरा-भुदरगडच्या वनास २०२१ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. २००२ नंतर कर्नाटकातून रानहत्ती दक्षिण कोकणात आणि चंदगड-आजऱ्याकडे येऊ लागले, त्यामुळे शेतकऱ्याच्या माळ्यावरील जागरण वाढले आहे. पावसाळ्यात अभयारण्याचे दरवाजे बंद असतात. दसऱ्यापूर्वी कूच नको हा जुना नियम जणू सरकारी हुकुमाच्या रूपाने पुन्हा अंमलात आला आहे. माघ-फाल्गुनात डोंगरावरचे गवत वाळून कोळ होते, आणि बेसावधपणे विझवलेल्या एका चुलीतून उठलेला वणवा धनगरवाड्याची वर्षाची वैरण गिळून टाकतो. चिपळूणच्या छावणीस दिलेली ताकीद त्या वेळी शब्दशः लागू पडते.

तेव्हा आजऱ्याच्या डोंगरावर जो मुक्कामास जाईल त्याने वनखात्याची परवानगी घेऊन, ओढ्याच्या पात्रापासून दूर, उंचवट्यावर जागा पाहावी. स्वतःचे ओझे स्वतः वाहावे, आणि वाटाड्या घेतला तर त्यास घासाघीस न करता पुरती मजुरी द्यावी. सरपणासाठी कुणाच्या कुंपणास हात लावू नये, आणि चूल पाणी ओतून, राख चाचपून विझवावी. तंबू उठल्यावर तेथे दबलेले गवत तेवढे उरावे; ते चार दिवसांत पुन्हा सरळ होते.