विचुंबकन (यंत्रभागांचे)

पोलादी भागात घडणीच्या ओघात शिरलेले आणि मागे उरलेले चुंबकत्व काढून टाकण्याची प्रक्रिया. कारखान्यात तिला ‘जॉब डिमॅग्नेटाइझ करणे’ म्हणतात.

सरफेस ग्राइंडरच्या चुंबकी चकवर धरलेला, लिफ्टिंग मॅग्नेटने उचललेला किंवा तडे शोधण्यासाठी चुंबकी कणांनी तपासलेला भाग थोडाफार चुंबक होऊनच बाहेर येतो. मऊ लोखंड हे चुंबकत्व सहज सोडते, हार्डनिंग केलेले पोलाद मात्र घट्ट धरून ठेवते. त्यामुळे बेअरिंगच्या कड्या, गिअर आणि कटर यांना त्याचा उपद्रव अधिक होतो. ग्राइंडिंगची बारीक भुकटी धुऊनही सुटत नाही. बेअरिंगमध्ये ती गेली की धावपट्टी खरवडते. म्हणून विचुंबकन धुण्याच्या आधी करावे. उलट क्रमाने केलेली धुलाई बरीचशी वाया जाते. चुंबकलेले पाइप जोडताना वेल्डिंगचा आर्क बाजूला ढकलला जातो व सांधा कच्चा राहतो.

चुंबकी क्षेत्र काढून घेतले तरी पोलाद पूर्वस्थितीला येत नाही. या मागे रेंगाळण्याला ‘हिस्टेरेसिस’ (शैथिल्य) हे नाव स्कॉटिश भौतिकीविज्ञ जेम्स आल्फ्रेड यूइंग यांनी दिले. एकदाच उलटे क्षेत्र लावून हे काम भागत नाही, कारण त्याचे माप नेमके जुळवणे जवळपास अशक्य असते. त्याऐवजी क्षेत्राची दिशा पुनःपुन्हा पालटतात आणि दर पालटीला त्याचा जोर थोडा कमी करतात. सुरुवातीचा जोर मात्र भागाला चुंबकवणाऱ्या क्षेत्राइतका तरी हवा. अशाने पोलादातील सूक्ष्म चुंबकी प्रदेशांच्या दिशा विस्कटतात आणि त्यांचा परिणाम एकमेकांत जिरतो.

सर्वांत रुळलेले साधन म्हणजे ५० हर्ट्‌झ एसी प्रवाहावर चालणारी बोगद्यासारखी कॉइल. भाग तिच्यातून सावकाश पार करून सुमारे १ मीटर लांब न्यायचा, मगच स्विच बंद करायचा. भाग आत असताना प्रवाह तोडला, तर त्या क्षणीचे चुंबकत्व त्यात कायम राहते. घाईच्या पाळीत हीच चूक सर्वाधिक होते, आणि सगळी मेहनत तिथेच फुकट जाते. एसीचे क्षेत्र पोलादात काही मिलिमीटरच शिरते. त्यामुळे जाड भागांसाठी डीसी प्रवाह कमी वेगाने उलटसुलट करत उतरवतात. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की त्याचे चुंबकत्व पूर्ण जाते, पण तयार भागाची कठीणताही त्यासोबत जाते. तेव्हा हा मार्ग पुढे उष्णतोपचार व्हायचाच असेल तरच परवडतो.

उरलेले चुंबकत्व गॉसमीटरने मोजतात. चुंबकी कण-तपासणीनंतर ३ गॉसची मर्यादा पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र सुमारे अर्धा गॉस असते, म्हणून लांब दांडे पूर्व-पश्चिम ठेवून विचुंबकित करणे हिताचे.

मोजणीला फसवणारा प्रकार कड्यांमध्ये आढळतो. कडीभोवती गोल फिरणाऱ्या चुंबकत्वाला बाहेर ध्रुवच नसतात. मीटर शून्य दाखवतो, भाग ‘पास’ होतो, आणि पुढे चावीसाठी खाच पाडली की तिच्या दोन्ही कडांना चुरा चिकटू लागतो. अशा कडीला आधी जोरदार लांबीच्या दिशेने चुंबकवून, मग कॉइलमधून काढतात.