लोकस्वरांतून नवी रचना : देवास आणि मनिला

परंपरा जतन करणे आणि परंपरेतून नवे निर्माण करणे या दोन कार्यांत आपण पुष्कळदा एकच मानतो, आणि मग दुसऱ्याची उपेक्षा होते. ज्या समाजाचे संगीत देवळाच्या सभामंडपात वाढले त्या आपल्या समाजाला हा भेद विशेष ध्यानी घेण्याजोगा आहे. भोपाळच्या तुळशीनगरात वास करणाऱ्या आम्हां मराठी-कोकणी मंडळींना त्याचे उदाहरण शोधावयास फार लांब जावे लागत नाही. येथून सुमारे दीडशे किलोमीटरांवर देवास आहे, आणि देवास म्हणजे पंडित कुमार गंधर्व.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. मातृभाषा कानडी, परंतु विद्या मुंबईस प्रा. बा. र. देवधर यांच्यापाशी झाली, आणि पुढे अंजनीबाई मालपेकर यांचेही मार्गदर्शन लाभले. अंजनीबाई गोव्यातील पेडणे महालातल्या. ज्या कलावंत घराण्यांतील स्त्रियांनी देवळांपुढे गानसेवा केली, त्याच परंपरेतून अंजनीबाई, केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर आल्या. देवळाने त्यांच्या घराण्यांकडून सेवा घेतली. समाजाने मात्र त्यांना मानाचे आसन फार उशिरा दिले. आपल्या संगीताचा इतिहास लिहिताना हे ऋण व हा दोष, दोन्ही मान्य केले पाहिजेत.

1948 साली कुमारजी देवासला आले ते क्षयाने जर्जर होऊन. सुमारे पाच वर्षे गाणे बंद होते. गाणे थांबले, परंतु ऐकणे थांबले नाही. खेडुतांची माळवी गीते आणि शीलनाथ महाराजांच्या धुनीच्या परिसरातील नाथपंथी भजने त्यांच्या कानी पडत राहिली. चारपाच स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांत त्यांना रागाचे बीज दिसले. राग प्रथम आणि लोकगीत त्याची मोडकी नक्कल, असे नसून लोकधुनेतूनच राग उगम पावतो, हा विचार त्यांनी मांडला, व तो गाऊन सिद्ध केला. धुनेतील विसाव्याचा स्वर कोणता, तिची चाल कोणत्या वळणाने जाते, हे पारखून त्या प्रकृतीस धक्का न लावता विस्तार करावयाचा, ही त्यांची रीत. संजारी, मालवती, सहेली तोडी, लगनगंधार हे त्यांचे राग अशा शोधातून आले. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’च्या पहिल्या भागात या निर्मितीचे दर्शन घडते. घराण्याची चौकट मोडली म्हणून जुन्या जाणकारांनी टीकाही पुष्कळ केली. 12 जानेवारी 1992 रोजी कुमारजी निवर्तले. टीका मागे पडली, राग राहिले.

हाच प्रश्न त्याच काळात दूर फिलिपाईन्समध्येही उभा होता. तेथे तीन शतकांहून अधिक काळ स्पेनची व नंतर जवळजवळ अर्धशतक अमेरिकेची सत्ता होती. गोव्याप्रमाणेच तेथेही चर्चच्या गायनशाळांनी पाश्चात्य संगीताची उत्तम विद्या दिली. होसे मासेदा (1917–2004) हे त्या विद्येतले निष्णात. पॅरिसला पियानोवादनाचे शिक्षण घेतलेले. परंतु पुढे त्यांनी आपल्या देशातील डोंगरी व बेटवासी जमातींचे संगीत गावोगाव हिंडून ध्वनिमुद्रित केले. काशाच्या लहान घंटांची ओळ मांडून वाजविले जाणारे ‘कुलिंतांग’ त्यांच्या अभ्यासाचा विषय झाले. काशाचा नाद म्हणजे काय, हे आपल्या देवळांतील घंटा व झांज ऐकणाऱ्यास निराळे सांगावयास नको. 1968 साली मनिलाजवळील विद्यापीठाच्या गोलाकार चर्चमध्ये त्यांची ‘पागसाम्बा’ ही रचना सादर झाली. या शब्दाचा अर्थच ‘पूजा’. 116 वाद्ये, शंभर मिश्र व पंचवीस पुरुष गायक श्रोत्यांच्या सभोवती बसविलेले. म्हणजे ऐकणारा नादाच्या मध्यभागी. त्यांच्या समकालीन लुक्रेसिया कासिलाग (1918–2008) यांनीही पाश्चात्य वाद्यमेळात देशी वाद्यांना स्थान दिले. दोघांसही पुढे त्यांच्या राष्ट्राने ‘राष्ट्रीय कलावंत’ म्हणून गौरविले.

कुमारजी व मासेदा यांचे मार्ग एक नव्हेत. एकाची रचना एका कंठात वसते, दुसऱ्याची शेकडो लोकांच्या सहभागात. एकाने धुनेचा राग केला. दुसऱ्याने रागताल बाजूस ठेवून नादाच्या पोताकडेच लक्ष दिले. परंतु आरंभी दोघांनीही एकच गोष्ट केली : ज्यांना कोणी संगीतकार म्हणत नव्हते त्यांचे गाणे विद्यार्थ्याच्या नम्रतेने ऐकले.

येथेच आमच्या मंडळींपुढचा प्रश्न उभा राहतो. प्रांत सोडून आलेल्या कुटुंबांत आजीला पाठ असलेली ओवी, धालोची गीते, पालखीपुढची भजने पुढील पिढीच्या कानी पडेनाशी झाली आहेत. उत्सवात ध्वनिवर्धकावर तयार मुद्रिका लावली की सेवा पार पडली, असे आपण मानू लागलो आहोत. मुद्रिका जतन करील. ती नवे काही रचणार नाही. रचना व्हावयाची तर ते मूळ स्वर जाणत्या माणसाच्या तोंडून तरुणांनी ऐकले पाहिजेत, आणि त्यांनी त्यात काही नवे केले तर वडीलधाऱ्यांनी कपाळाला आठ्या घालता कामा नयेत. देवासच्या त्या रुग्णशय्येवर धुना कानी पडल्या नसत्या, तर नवे राग कोठून आले असते?