वगळणूक कुठे वसते? साचेखाते आणि आजची कार्यशाळा

कामाच्या ठिकाणी सगळ्यांना सामावून घेण्याची चर्चा बहुतेक वेळा मनोवृत्तीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पूर्वग्रह सोडा, संवेदनशील व्हा, असे सांगणारे वर्ग कंपन्यांत भरतात. पूर्वग्रह असतातच, हे मान्य. पण केवळ मनातल्या अढीवर वगळणूक पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. ती कामाच्या रचनेत उतरते: हत्यारात, पाळीच्या वेळेत, काम शिकण्याच्या रीतीत, भरतीच्या वाटेत. एकदा तिथे उतरली की कुणाच्या मनात काही वाईट नसतानाही ती चालू राहते. हे पाहण्यासाठी मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या साचेखात्याइतके, म्हणजे विणकामाच्या खात्याइतके, उघड उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, धोटा आडवा धावत असे आणि त्याच्या पोटातल्या कांडीवरचे सूत ताण्यात विणले जात असे. कांडी संपली की साचेवाला साचा थांबवी, नवी कांडी धोट्यात बसवी आणि सुताचे टोक बाहेर काढण्यासाठी धोट्याच्या छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढी. टोक ओठांशी आले की साचा पुन्हा सुरू. दिवसभरात हे असंख्य वेळा चाले, आणि तोच धोटा बदलीवर आलेल्या माणसाच्याही तोंडाला लागे. अस्पृश्य मानलेल्या माणसाने तोंड लावलेल्या धोट्याला आपण तोंड लावणार नाही, ही सवर्ण कामगारांची भूमिका होती. परिणामी दलित कामगार सूतकताईच्या खात्यांत राहिले आणि साचेखात्याचे दार त्यांना बंद झाले. साचेवाल्याचा पगार कापडाच्या मापावर मिळे आणि गिरणीतल्या चांगल्या कमाईच्या कामांत त्याची गणना होई. विटाळाची किंमत अशी दर महिन्याच्या पगारात मोजली जात होती.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. सर्व खाती दलितांना खुली करण्याची मागणी मागण्यांच्या यादीत घाला, नाहीतर माझ्या माणसांना संपात उतरायला मी सांगणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुषीने घेतली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांचे म्हणणे असे, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. एका अर्थी ते खोटे नव्हते. दलितांना साच्यावर घेऊ नका, असा गिरणीचा लेखी नियम नव्हता. मालक कामगारांकडे बोट दाखवी, कामगार रूढीकडे, आणि पुढाऱ्याला एकजूट फुटण्याची धास्ती. कर्ता सापडत नाही आणि कृत्य मात्र रोज घडते, हे रचनेत मुरलेल्या भेदभावाचे लक्षण आहे.

आता हत्याराकडे पाहू. सूत तोंडाने ओढणे ही विणकामाची अपरिहार्य गरज नव्हती. हाताने सूत ओवता येईल असे धोटे निघाले होते, आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यांवर १९११ मध्येच कायद्याने बंदी घातली होती. तिथला मुद्दा रोगराईचा होता: एकाच धोट्याला अनेकांची तोंडे लागतात, कापसाची धूळ श्वासातून आत जाते. म्हणजे धोटा बदलला असता तर साच्यावरच्या प्रत्येकाच्या छातीला आराम पडला असता, आणि विटाळाची सबबही गेली असती. इथे मात्र वादाचा सगळा रोख कोणता माणूस चालेल यावर राहिला. कोणता धोटा चालेल, हा प्रश्न ऐरणीवर आला नाही. मला ही या प्रकरणातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट वाटते.

दुसरा अडसर शिकण्याचा. साचा चालवायला शिकवणारी शाळा नव्हती. काका, मामा किंवा गाववाला साच्यावर असेल, तर त्याच्या शेजारी उभे राहून पोरगा काम उचलायचा, मग मुकादमाच्या मेहेरबानीने बदली म्हणून लागायचा. ज्याच्या घरातले कुणीच साचेखात्यात नाही, त्याला शेजारी उभे कोण करणार? दार कागदावर उघडले तरी कौशल्याची वाट नात्यांतून जाते, म्हणून ‘योग्य उमेदवार मिळत नाही’ हे वाक्य खरे ठरते. ते खरे ठरते म्हणूनच ते घातक आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी रेल्वेतली हीच गोष्ट उलगडून दाखवली. दलित माणूस रुळांवरचा गँगमन म्हणून आयुष्य काढतो. पोर्टरची जागासुद्धा त्याला मिळत नाही, कारण पोर्टर स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करतो आणि घरात दलित चालत नाही. नोकरीच्या वर्णनात नसलेले एक काम नोकरीला चिकटलेले असते, आणि तेच गाळणीचे काम करते.

मुकादम गेला, पण ओळखीची भरती गेली नाही. आज कारखान्यात ठेकेदार आपल्या भागातली पोरे आणतो, आणि मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेल्या उमेदवाराला प्राधान्य मिळते. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू आडनावांच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून पाहिले, तेव्हा हे अधिकारी गुणवत्तेचा आग्रह धरत आणि उमेदवाराच्या घरच्या पार्श्वभूमीलाही महत्त्व देत. ‘घरी कोण काय करतं?’ हा प्रश्न मुलाखतीत आपुलकीने विचारला जातो. त्या आपुलकीतूनच गाळणी चालते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे आयटीआयच्या, कार्यशाळेत हा विचार नेऊन पाहावा. मुलींसाठी तिथे ३० टक्के समांतर आरक्षण आहे. तरी शिवणकाम, सौंदर्यप्रसाधन, संगणक चालक हे वर्ग मुलींचे आणि फिटर, टर्नर, वेल्डर हे मुलांचे, अशी विभागणी डोळ्यांना दिसते. घरचा नकार हे एक कारण. पण फिटरच्या बाकाजवळ थोडा वेळ उभे राहा. धातूचा तुकडा आवळून धरणाऱ्या व्हाइसचा माथा काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला असावा, हे पहिल्याच धड्यात शिकवतात. बाक मात्र एकाच उंचीचे. पाच फुटांच्या मुलीचा कोपर खाली पडतो, मग तिला खांदे उचलून कानस चालवावी लागते. कानस सपाट न जाता डोलते, जॉबचा पृष्ठभाग मध्ये फुगतो, आणि गुण कापले जातात. शेरा पडतो: मुलींना फायलिंग जमत नाही. पायाखाली लाकडी फळी टाकली, तर तोच हात सरळ चालतो. बुटक्या मुलालाही त्या फळीचा तितकाच उपयोग.

कर्णबधिर प्रशिक्षणार्थ्याचेही तसेच. निदेशक फळ्याकडे तोंड करून बोलले की ओठांवरून वाचणाऱ्याचा धडा तिथेच बुडतो. धोक्याचा भोंगा वाजला तर त्याला कळत नाही, भोंग्याबरोबर दिवा लागला तर कळते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याचे मोठेपण मला इथे दिसते. त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून खोल गोष्ट अशी, की वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव, असे त्याने व्याख्येतच लिहिले. हेतूचा पुरावा मागण्याची गरज उरली नाही. शिवाय मुख्य प्रवाहातल्या कौशल्य प्रशिक्षणात दिव्यांगांना सामावून घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. वेगळी शाळा, वेगळा वर्ग, आणि शेवटी वेताच्या खुर्च्या किंवा मेणबत्त्या, ही जुनी वाट त्याने कायद्यापुरती तरी मोडली. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. ते धोरण भिंतीवर लावताना व्हाइसची उंची आणि भोंग्याचा दिवा त्यात आहे का, एवढे तपासले तरी पुष्कळ.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक धागा आहे, पैशाचा. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार बायका होत्या, मुख्यतः रीळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. पुढच्या दशकांत त्यांची संख्या घसरत गेली. कमी माणसांत काम उरकण्याच्या फेररचनेत (रॅशनलायझेशनमध्ये) त्यांची खाती आकसली. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या, आणि बायकांना रात्रपाळी बंद असल्याने पाळ्या फिरवायला पुरुष सोयीचा ठरला. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने रजेच्या काळातला भत्ता द्यायला लावला, तोही थेट मालकाच्या खिशातून. तो कायदा आवश्यकच होता. पण बाई ठेवली तरच खर्च, न ठेवली तर नाही, असा हिशोब मांडला की हक्कच नोकरीच्या आड येतो.

रात्रपाळीचा अडसर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने संमतीच्या अटीवर दूर केला. खर्चाचा राहिलाच. २०१७ मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. राज्य कामगार विम्याच्या कक्षेतल्या बाईचा रजेतला पगार विम्याच्या सामाईक निधीतून जातो. मालक एकूण पगारावर ३.२५ टक्के भरतो, कामगार पुरुष असो वा स्त्री. तिथे बाईला नाकारून मालकाचे रजेच्या खर्चात काहीच वाचत नाही. पण या विम्याला पगाराची मर्यादा आहे, आणि ती २०१७ पासून महिना २१,००० रुपयांवर आहे. त्याच्या वर पगार गेला, म्हणजे मुलगी शिकून कुशल मशिनिस्ट झाली, पर्यवेक्षक झाली, की २६ आठवड्यांचा भार पुन्हा एकट्या मालकावर येतो. पाळणाघर तर सगळेच त्याच्या माथी. कौशल्य वाढले की नोकरी महाग होते, अशी ही विचित्र मांडणी आहे. सामाईक निधी पगाराच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत नेणे आणि औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांनी वर्गणी काढून एकत्र पाळणाघर चालवणे, ही दोन कामे आधी हाती घ्यावीत.