मणि-मल्लांचे युद्ध आणि त्याचा तह



डाळजहून जेजुरीस निघालेला भाविक भिगवण, बारामती, मोरगाव असा पश्चिमेकडे जातो. डाळज हे इंदापूर तालुक्यातील, पुणे-सोलापूर रस्त्यालगतचे, उजनीच्या जलाशयाशेजारचे गाव. घरचा भंडारा आणि कुलाचाराची कोटंबी घेऊन निघालेल्या या भाविकाच्या मनात असेही येत नसेल की, आपण दोन रणभूमींच्या वाटेने चाललो आहो. मोरगावी मयूरेश्वराने मोरावर आरूढ होऊन सिंधु दैत्याचा वध केला, आणि तेथून पुढे, त्याच कऱ्हेच्या खोऱ्यात, जेजुरीच्या मल्हारीने मणि आणि मल्ल या दोघा भावांना जिंकिले. यांपैकी दुसऱ्या युद्धाविषयी आज बोलावयाचे आहे. त्यातही लढाईपेक्षा लढाईनंतर जे ठरले त्याविषयी अधिक. कारण इतिहासाच्या अभ्यासकाला हाती लागण्यासारखे जे काही आहे ते तेथेच आहे.

प्रथम कथा ऐकावी. ब्रह्मदेवाच्या वराने उन्मत्त झालेल्या मणि-मल्लांनी मणिचूल पर्वतावरील सप्तर्षींचे आश्रम उद्ध्वस्त केले. ऋषी इंद्राकडे गेले. इंद्र म्हणाला, हे माझ्या आवाक्यातील नव्हे. ते विष्णूकडे गेले. तेथेही तेच उत्तर. शेवटी शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेतले. अंगकांती सुवर्णासारखी, सर्वांग हळदीने माखलेले, मस्तकी चंद्रकोर, हाती खड्ग, आणि बरोबर सात कोटी गणांचे सैन्य. कानडीत ‘एळु’ म्हणजे सात. आपला ‘येळकोट’ हा जयघोष या सात कोटींचाच, असे मानितात. कार्तिकस्वामीने खड्गदंष्ट्राला मारिले, गणपतीने उल्कामुखाला, नंदीने कुंतलोमाला. मग मणि स्वतः पुढे आला. लोककथा म्हणते की, त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की त्यातून नवा दैत्य उठे. म्हणून देवाच्या कुत्र्याने ते रक्त वरच्या वर चाटून घेतले. खंडोबाच्या चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रा दिसतो त्याचे कारण भाविक हेच सांगतात.

आता तह. मणि पडला तेव्हा त्याने शरणागती पत्करिली. आपला पांढरा घोडा त्याने देवाला अर्पण केला आणि मागणे मागितले: माझी मूर्ती तुझ्या देवळात असावी. देवाने ते दिले. मल्ल मात्र वाकला नाही. त्याने सृष्टीचा संहार मागितला, असे एक परंपरा सांगते, आणि देवाने त्याचे शिर उडविले. दुसरी परंपरा म्हणते की, त्याने आपले नाव देवाच्या नावाआधी लागावे एवढेच मागितले. ‘मल्हारी’ हा शब्द उच्चारताना आपण आधी मल्लाचे नाव घेतो आणि मग त्याच्या शत्रूचे! जगाच्या पाठीवर कोणत्या विजेत्याने पराभूताचे नाव असे आपल्या नावाच्या अग्रभागी धारण केले असेल? मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, हे युद्ध संपले. प्रतिपदेपासून सहा दिवसांचे नवरात्र घरोघर बसते. चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी आणि कांदा त्या दिवशी भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातून पुन्हा ताटात येतात.

हा नैवेद्य जरा बारकाईने पाहावा. जेजुरीच्या मुख्य देवाला मांस चालत नाही. बकऱ्याचा मान मणीचा, असे भाविक मानितात. एकाच गडावर, एकाच यात्रेत, दोन प्रकारचा आहार घेणाऱ्या समाजांची सोय अशी लागली आहे. वाणी-ब्राह्मणाने भरीत वाढावे, धनगर-रामोशाने बकरे कापावे, आणि दोघांनी एकच भंडारा कपाळी लावावा. पराभूताच्या मागण्यातून ही सोय उगवली, असे कथा सांगते. मला वाटते, प्रत्यक्ष क्रम उलट असावा: सोय आधी लागली आणि तिचे समर्थन करण्यासाठी कथेने तह रचिला.

संस्कृत मल्लारिमाहात्म्य स्वतःस ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणविते; पण त्या पुराणाच्या प्रचलित प्रतींत ते आढळत नाही. पंधराव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा त्याच्या आसपासचा काळ ही त्याची रचनावेळ, असे विद्वानांचे मत आहे. मैलाराचे, म्हणजे याच देवाच्या कानडी रूपाचे, भक्त मात्र त्याच्या बरेच आधीपासून प्रसिद्ध होते. अर्थात देव ग्रंथाहून जुना. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी १९६१ साली ‘खंडोबा’ या ग्रंथात हा धागा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र अशा तिन्ही प्रांतांतून उकलून दाखविला आहे. तेव्हा माहात्म्यात एखाद्या विशिष्ट लढाईचे वृत्त शोधणे व्यर्थ होय. काही उत्साही लेखक मणि-मल्लांना कोणत्या तरी जमातीचे राजे ठरवून मोकळे होतात. त्या वाटेने जाण्यास पुरावा नाही.

‘असुर’ या शब्दानेही आपल्याला सावध केले पाहिजे. ऋग्वेदात वरुणाला असुर म्हटले आहे, आणि तेथे तो शब्द गौरवाचा आहे. इराणात हाच शब्द ‘अहुर’ होऊन परमेश्वराचे नाव बनला, आणि ‘देव’ या शब्दाचा सजातीय ‘दएव’ तेथे दैत्यवाचक झाला. एकाच भाषाकुळाच्या दोन शाखांनी एकमेकींच्या देवांची अशी अदलाबदल केली. दैत्य कोण हे पुष्कळदा कोणाच्या अंगणात उभे राहून पाहतो यावर ठरते.

खंडोबाच्या संसारातही हाच तह पुढे चालू राहिला. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव बारा वर्षे घराबाहेर राहिला आणि बाणाईच्या बापाची मेंढरे राखू लागला, असे ओव्यांत ऐकू येते. बाणाईला घेऊन परतल्यावर दोघी सवती भांडल्या. निकाल काय लागला? म्हाळसा वर गडावर, आणि बाणाई अर्ध्या डोंगरावर. आजही जेजुरीची चढण चढताना बाणाईचे देऊळ वाटेत लागते. इंदापूर-बारामतीच्या माळरानावर मेंढ्या राखणाऱ्या घराण्यांना हा देव आपला जावई वाटतो, केवळ दैवत नव्हे. नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर घराण्यात १६९३ साली जन्मलेल्या मुलाचे नाव मल्हारी ठेवले गेले; पुढे तो मल्हारराव होळकर झाला, आणि जेजुरीच्या गडावरील बांधकामास त्याच्या घराण्याने सढळ हाताने पैसा दिला.

आणखी एक उदाहरण देऊन थांबतो, कारण जेजुरी हे अपवाद नव्हे. पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबा आणि जोगेश्वरी यांचे लग्न दरवर्षी माघ पौर्णिमेस लागते. म्हस्कोबा, म्हसोबा ही नावे म्हशीवरून, महिषावरून आली, असा तर्क आहे. आणि महिषासुर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर देवीच्या पायाखाली चिरडलेला दैत्य येतो. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील पायपिटीच्या आधारे या विरोधाकडे लक्ष वेधिले: एके ठिकाणी देवी महिषाला मारते, दुसऱ्या ठिकाणी त्याच्याशी लग्न लावते. कोसंबींचा अर्थ असा की, दोन समाजांचे जमले तेथे लग्न झाले, आणि बिनसले तेथे युद्ध. भक्त मंडळी त्यांचे हे मत मान्य करतील असे नाही. पण वीरच्या यात्रेत लग्नाचा सोहळा थाटात होतो, आणि शेताच्या बांधावरील शेंदूर माखलेल्या म्हसोबाला पेरणीच्या आधी कोणी तरी नारळ फोडतोच.