उत्तरेस निघण्यापूर्वीं

गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गें जबलपुरास व तेथून पुढें झांशी-ग्वाल्हेरीस आपणांस जातां येतें. गोंदिया-जबलपूर हा एके काळचा अडीच फुटी लोहमार्ग आतां रुंद झाला आहे. वाट सुकर झाली. मनाची तयारी मात्र ज्यानें त्यानेंच करावयाची.

प्रथम विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' वाचावा. वरसईचे हे भिक्षुक घरचें कर्ज फेडावें म्हणून १८५७ सालीं उत्तरेस निघाले आणि १८५८ सालीं झांशीच्या वेढ्यांत सांपडले. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. गंगेची कावड तेवढी त्यांनीं घरीं पोंचविली. ही हकीकत १९०७ सालीं छापली गेली.

मग ग्वाल्हेरचा ख्याल ऐकावा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनीं ही विद्या वासुदेवबुवा जोशी यांजपासून संपादून महाराष्ट्रांत आणिली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून ती पुनः उत्तरेस नेली. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु यांच्या ध्वनिमुद्रिका आजही मिळतात.

हें न वाचतां, न ऐकतां जो जाईल, त्यास झांशीचा किल्ला म्हणजे निव्वळ दगडधोंडे वाटतील. वाचून-ऐकून जाणाऱ्यास मात्र तेथें आपलींच माणसें भेटतील.