निरीक्षकाच्या वहीत नसलेला दिवस

धरमतरच्या धक्क्यावरून गेटवे ऑफ इंडियाकडे पोहत निघणाऱ्याच्या सोबतीला होडी असते. त्या होडीत एक जण पोहणाऱ्याकडे पाठ करून कधीही बसत नाही. तो निरीक्षक. मांडीवर वही, गळ्यात घड्याळ. दर तासाला तो टिपून ठेवतो: मिनिटाला हात किती पडले, वारा कुठला, पाणी चढतंय की उतरतंय, काय प्यायला दिलं, ते पोटात टिकलं का. पोहणाऱ्याने होडीला हात लावला, कडेला क्षणभर बोटं टेकवली, तरी तो बाद. मग सहा तास पाण्यात असो वा आठ.

वडखळ ओलांडून अलिबागच्या वाटेला लागलं की अंबा नदीच्या खाडीवर धरमतर येतं. तिथून गेटवेपर्यंतचं अंतर साधारण ३६ किलोमीटर. इंग्लिश खाडी पोहायची स्वप्नं पाहणाऱ्या महाराष्ट्रातल्या कित्येक पोरापोरींनी आपलं बळ आधी या पाण्यात अजमावलं. पेण-रोह्याकडच्या माणसाला मात्र हे पाणी फार जुनं ओळखीचं, तेही वेगळ्या कारणाने. रोह्यापर्यंत रेल्वे यायला १९८६ साल उजाडलं. त्याआधी मुंबई गाठायची तर रस्ता होता, नाहीतर धरमतर-रेवसचं बंदर आणि भाऊचा धक्का. आज ज्या पाण्यात पोहण्याची वेळ सेकंदात मोजतात, त्याच पाण्यावरून आपले आजोबा ट्रंका नि बोचकी घेऊन आगबोटीने ये-जा करत.

याच पाण्यात, गुरुवारी, १७ जुलै १९४७ रोजी, या किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं पोहणं झालं. त्या दिवशी निरीक्षक नव्हता, वही नव्हती. ती आज लिहून पाहतो.

पहाटे ५ ते ६. तीन तास उरले.

पाण्याचं गणित आधी. आषाढाची अमावास्या तोंडावर आलेली, पुढे अधिक श्रावण लागणार. भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरच्या माणसाला पंचांग पुरतं: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पाणी भरतं. चतुर्दशीला साडेदहा, अमावास्येला सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी ओहोटी संपली पहाटे पाचच्या सुमारास, आणि मग पाणी आत चढू लागलं. तेही उधाणाचं. भांगाच्या पाण्यासारखं आळसावलेलं नव्हे.

धरमतरहून पोहणारेही याच गणितावर निघतात. भरती संपता संपता खाडीत उतरायचं, उतरत्या पाण्याबरोबर रेवस-करंजाच्या तोंडाशी यायचं, आणि तिथे पाणी फिरलं की चढत्या भरतीच्या पाठीवर बसून मुंबई बंदरात शिरायचं. गणित चुकलं तर जगातला कुठलाही हात उपयोगाचा नाही; रेवससमोर तासतासभर हात मारूनही काठावरचा दिवा जागचा हलत नाही. समुद्रात पोहणं म्हणजे निम्मं दंडाचं, निम्मं तिथीचं काम.

हा मोसम मात्र पोहण्याचा नव्हे. लांब पल्ल्याचं पोहणं पावसाळा संपल्यावर, समुद्र निवळल्यावरच होतं. जुलैत नैर्ऋत्येचा वारा मुंबई बंदराच्या तोंडावर सरळ आत घुसतो.

सकाळी ७. दीड तास.

भाऊच्या धक्क्याला ‘रामदास’ लागलेली. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही बोट. स्वदेशीच्या चळवळीतून उभी राहिलेली ही कंपनी. लोक तिला कौतुकाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. गोऱ्यांच्या कंपन्यांशी टक्कर द्यायची तर उतारू आपलासा वाटला पाहिजे, म्हणून बोटींना संतांची नावं: तुकाराम, रामदास. युक्ती चांगली होती. पण याच किनाऱ्यावर ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या, आणि त्याला वीस वर्षं झाली होती. वीस वर्षांत माणसं विसरतात, हे एक वेळ समजू शकतो. आगबोट चालवणाऱ्यांनी विसरावं, हे पटत नाही.

‘रामदास’ १९३६ साली बांधली ती स्वान हंटर या इंग्लंडातल्या कारखान्याने. याच घराण्याच्या गोदीत बांधलेली ‘कार्पेथिया’ १९१२ साली टायटॅनिकच्या मदतीला धावली होती, आणि तिला बोलावलं होतं बिनतारी संदेशाने. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, भर मुंबई बंदरातून सुटणाऱ्या ‘रामदास’वर बिनतारी यंत्र नव्हतं. निरीक्षकाच्या वहीत हीच पहिली नोंद लाल शाईने झाली असती.

सकाळी ८. पस्तीस मिनिटं.

बोट वेळेवर सुटली. वर पावणेसातशेच्या आसपास माणसं: उतारू, खलाशी, अधिकारी. गटारीसाठी गावाकडे निघालेले होते, गिरगाव-लालबाग-परळच्या चाळींतले होते, कामधंद्याचे होते. स्वातंत्र्य महिन्याच्या आत आलं होतं, त्यामुळे गप्पा कशाच्या रंगल्या असतील हे वेगळं सांगायला नको. रेवस म्हणजे काही विलायत नव्हे. समोरचाच काठ. नेहमीच्या उतारूंना बोटीत चढल्यावर पोहता येतं का, हा प्रश्न पडत नाही. आजही मांडव्याच्या लाँचमध्ये बसताना किती जणांना पडतो?

सकाळी ८.१५ च्या पुढे.

बंदराच्या आडोशातून बाहेर पडल्यावर पाऊस आणि वारा दोन्ही वाढले. रेवसला जाणारी बोट दक्षिणेकडे तोंड करून चालते, आणि पावसाळी लाट येते पश्चिमेकडून. म्हणजे लाट समोरून नाही, कुशीत बसते. पोहणाऱ्यालाही हीच लाट सर्वांत जास्त छळते: श्वास घ्यायला तोंड वळवावं आणि नेमकं त्याच बाजूने पाणी घशात जावं. सवयीचा पोहणारा दुसऱ्या बाजूने श्वास घेऊ लागतो. बोटीला अशी बाजू बदलता येत नाही.

पाणी आत येऊ लागलं. माणसं घाबरली, एका कडेने दुसऱ्या कडेकडे लोटली. बोटीचा तोल सांभाळणारं सर्वांत मोठं वजन तिच्यावरची माणसंच असतात, आणि तेच वजन आता पळत होतं. लाईफ जॅकेटसाठी झोंबाझोंबी झाली. ती मिळाली तरी कशी बांधायची, हे आयत्या वेळी, भिजलेल्या बोटांनी, कोण कोणाला शिकवणार?

सकाळी ८.३५. काशाचा खडक.

एक मोठी लाट आली आणि कललेली बोट पालथी झाली. इंग्रजी नकाशात गल आयलंड असं नाव असलेल्या काशाच्या खडकाजवळ. सुटून अवघी पस्तीस मिनिटं झाली होती.

अमावास्येच्या गणितावर मध्यरात्री धरमतरहून कोणी पोहत निघाला असता, तर साडेआठच्या सुमारास तो रेवस मागे टाकून याच टापूत असता. होडी बाजूला, निरीक्षकाची नजर टोपीवर. इथे शेकडो डोकी एकदम पाण्यात, साड्यांत, धोतरांत, सदऱ्यांत. ओलं लुगडं पायांना गुंडाळतं, त्याचं काय होतं हे विहिरीत पोहायला शिकलेली आमच्याकडची कुठलीही बाई सांगेल. त्यातही जे बोटीच्या आत होते, त्यांना पोहायची संधीसुद्धा मिळाली नाही. सहाशेहून जास्त माणसं गेली.

ज्यांना पोहायची संधी मिळाली, त्यांच्या बाजूने एकच गोष्ट होती. पाणी चढत होतं. साडेआठला उधाणाची भरती ऐन जोरात असते, आणि ती आत, मुंबईच्या दिशेने ओढते. पण अकरा-साडेअकरानंतर तेच पाणी उलटं फिरणार होतं. कोणीही न सांगता त्या माणसांच्या हाती जेमतेम अडीच-तीन तास आले होते.

सकाळी ९ ते ११.

वहीचं हे पान सर्वांत मोठं व्हायला हवं होतं.

रेवसच्या कोळ्यांचे मचवे मासळी घेऊन मुंबईच्या बाजाराकडे निघाले होते. वाटेत त्यांना पाण्यात माणसं दिसली. मचवा भरलेला असताना माणूस आत घ्यायचा तर जागा हवी, आणि उधाणलेल्या दर्यात वजनही हलकं करायला हवं. त्यांनी मासळी, पापलेटं, समुद्रात फेकली. ज्याचं घर त्या मासळीवर चालतं त्याने ती पाण्यात लोटायची, आणि तीही तांडेलाच्या एका शब्दावर. पाऊणशेच्या आसपास माणसं त्यांनी वर ओढली.

बुडणाऱ्याला मचव्यात घेणं दिसतं तितकं सोपं नाही. दोन-तीन जण एकाच बाजूने कडेला लोंबकळले तर मचवाच कलतो. म्हणून एकाला अलीकडून, दुसऱ्याला पलीकडून घ्यावं लागतं, आणि पलीकडच्याला ‘थांब’ म्हणावं लागतं. पोहण्याच्या स्पर्धेत होडीला हात लागला की माणूस बाद होतो. त्या सकाळी ज्याचा हात होडीला लागला तो जगला.

त्याच वेळी मुंबईत सगळं सुरळीत होतं. गेटवेवर पाऊस पडत होता. रेवसला बोट दिसली नाही म्हणून कोणी ओरड केली असेल असं वाटत नाही. पावसाळ्यात आगबोट उशिरा येणं ही काय बातमी? पेण आणि रोह्याच्या वाटेवर ज्यांची माणसं यायची होती, त्यांनी जेवणं आटोपली असतील.

स्पर्धेच्या समुद्रातही नजर सुटली की काय होतं, ते २०१० मध्ये जगाने पाहिलं. फुजैराला दहा किलोमीटरच्या जागतिक स्पर्धेत फ्रॅन क्रिपन हा सव्वीस वर्षांचा अमेरिकन पोहणारा गरम पाण्यात दमून खाली गेला, आणि तो शर्यत संपवून आलाच नाही, हे आधी त्याच्या सोबत्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर पाणी किती गरम चालेल याची मर्यादा नियमात आली. तो एकटा होता, दिवसाउजेडी होता, आणि अवतीभवती सुरक्षेच्या होड्या होत्या.

दुपारी ३. साडेसहा तास होत आले.

रेवसचा एक पोरगा, बारक्या मुकादम, वय दहा-बाराचं, गेटवेला लागला. त्याच्या हाती एक लाईफबॉय लागलं होतं. कोणत्या वेळी तो किती वाहत आला आणि किती पोहत, हे त्यालाही सांगता आलं नसतं. भरतीने आत आणलं असेल, मग ओहोटीने मागे खेचलं असेल, आणि पावसाळी वाऱ्याने पुन्हा काठाकडे लोटलं असेल. मुंबईच्या सरकारी यंत्रणेला ‘रामदास’ बुडाल्याचं कळलं ते अशा वाचून आलेल्यांकडून. बिनतारी यंत्र नसलेल्या बोटीचा निरोप एका पोराने पोहत आणला.

याच बंदरात सनक रॉकच्या दीपगृहापासून गेटवेपर्यंत पाच किलोमीटरची पोहण्याची स्पर्धा होते. शाळकरी मुलंही उतरतात, त्यांचे आईबाप गेटवेच्या कठड्यावर छत्र्या नि टॉवेल घेऊन उभे असतात, आणि वेळा जाहीर झाल्यावर टाळ्या पडतात. बारक्या आला होता त्याहून बरंच लांबून. रूपाली रेपाळेने १९९४ साली बाराव्या वर्षी इंग्लिश खाडी पार केली तेव्हा महाराष्ट्राने तिला डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. जवळपास त्याच वयाच्या बारक्याला लोकांनी आधी विचारलं असेल ते इतकंच: बोट कुठे आहे?

शर्यतीच्या नियमाप्रमाणे त्याचं पोहणं धरलंही गेलं नसतं. हातात रिंग होती.

संध्याकाळी ५ नंतर.

मदतीसाठी बोटी निघाल्या, तोवर ओहोटीही संपत आली होती. भाऊच्या धक्क्यावर नातेवाइकांची गर्दी. ज्याचं नाव यादीत सापडेना तो बोटीत चढलाच नसेल, अशी आशा धरायची, आणि सापडलं तर बोट चुकली असेल अशी. बोटीचे कप्तान वाचले. पुढचे दिवस प्रेतं किनाऱ्याला लागत राहिली. चार आठवड्यांनी लाल किल्ल्यावर तिरंगा चढला, आणि ‘रामदास’ कोकणच्या आठवणीत राहिली, देशाच्या राहिली नाही.

तोच बारक्या, पुढचे बारकूशेठ मुकादम, म्हातारपणापर्यंत ही हकिगत सांगत राहिले. आणि याच बंदरात, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ लाँच नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून बुडाली, पंधरा माणसं गेली, आणि त्यानंतर लाँचच्या उतारूंना लाईफ जॅकेट घालणं सक्तीचं झालं. ‘नीलकमल’चं वृत्त काही मिनिटांत मोबाईलवर पोहोचलं आणि आसपासच्या बोटी लगेच धावल्या. जॅकेटच्या सक्तीला मात्र ‘रामदास’पासून सत्याहत्तर वर्षं लागली होती.