अमेरिकन संघीय विद्यार्थी कर्ज आणि परदेशी विद्यापीठे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अमेरिकन विद्यार्थ्याने सरकारी पैशावर परदेशी विद्यापीठात शिकावे, ही कल्पना मूळची कर्जाची नाही. दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांसाठी १९४४ मध्ये झालेल्या कायद्याने शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला व अनेकांनी पॅरिससारख्या शहरांतही त्याचा लाभ घेतला. तो पैसा फेडावयाचा नव्हता.

८ नोव्हेंबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षण कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील योजनेत कर्ज बँकेचे आणि हमी सरकारची होती. पात्र परदेशी विद्यापीठांसाठीही ते खुले होते. मात्र १९७२ मध्ये निर्माण झालेले, पुढे ‘पेल’ नावाने ओळखले गेलेले अनुदान परदेशी विद्यापीठात थेट प्रवेश घेणाऱ्यास मिळत नाही. हा भेद किरकोळ मानता येणार नाही. गरीब विद्यार्थ्याला मायदेशी अनुदान व कर्ज दोन्हींचा आधार असतो. सीमेपलीकडे केवळ कर्जाचा. २०१० मध्ये बँकांना वगळून सरकार स्वतःच सर्व नवी कर्जे देऊ लागले, तरी हा भेद कायम राहिला.

२०२५ च्या कायद्याने तर १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ कर्ज बंद ठरविले आणि वैद्यकासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या संघीय कर्जावर वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा घातली. कॅरिबियन बेटांवरील वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊ पाहणाऱ्यांना उरलेली रक्कम खासगी सावकारीतूनच उभी करावी लागेल.